रिफंडचा मेसेज आला? भांडायच्या आधी खरा तोटा मोजा



आज माझीच एक चूक सांगते. ऑनलाइन साड्या विकायला लागून मला वर्षही झालं नव्हतं. एका काकूंनी सुनेच्या डोहाळेजेवणासाठी 1,650 रुपयांची पोपटी इरकल मागवली. पार्सल पोचलं त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, "अहो ताई, ही तर बाटलीसारखी गडद हिरवी आहे. पैसे परत करा." मी लगेच टाइप केलं, "फोटोत आणि प्रत्यक्षात थोडा फरक पडतोच, पेजवर तसं लिहिलंय." त्यांनी परत लिहिलं, मी परत उत्तर दिलं. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी त्यांनी माझा फोटो आणि हातातली साडी शेजारी शेजारी लावून पेजवर एक स्टार दिला. तेव्हा कुठे मी माझा फोटो नीट बघितला. फिल्टर होता. मीच लावलेला, साडी जरा उठून दिसावी म्हणून!

बीबीएला मार्केटिंगची जाडजूड पुस्तकं होती, पण पैसे परत मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हे एकाही पुस्तकात नव्हतं.

त्या रात्री मी हिशोब मांडला. माझ्या डोक्यात होतं की रिफंड दिला तर 1,650 गेले. पण साडी तर परत येणार होती! घडी मोडलेली नव्हती, म्हणजे ती पुन्हा विकली जाणार. मग गेलं काय? जातानाचं कुरिअर 90, परतीचं 110, आणि पेमेंट गेटवेचा 2 टक्के चार्ज 33, त्यावर जीएसटी 6. (रिफंड दिला तरी गेटवेवाले हा चार्ज बहुतेक वेळा परत देत नाहीत.) एकूण 239 रुपये. 239 रुपयांसाठी मी तीन दिवस टाइप करत बसले होते. रिफंड दिला, पण काकूंना तोवर गावातल्या दुकानातून दुसरी साडी घ्यावी लागली होती. त्यांनी परत कधी ऑर्डर दिली नाही. स्टारही काढला नाही, आणि का काढावा?

म्हणून रिफंड मागितला की उत्तर टाइप करायच्या आधी आपला धंदा कुठलाही असो, हा कागद करा. माल परत येऊन विकला जाईल का? हो असेल तर तोटा फक्त वाहतूक आणि चार्जचा. लोणची, केक, नाव घातलेली फोटोफ्रेम असा माल असेल तर तो परत येऊन उपयोग नाही, तिथे पूर्ण किंमत धरा.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत दाखवला तसा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. तुम्ही मार्केटप्लेसवर विका किंवा स्वतःच्या वेबसाइटवर. तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत ती सोडवायची. ग्राहक संरक्षण कायदा 2019 पुढे असंही सांगतो की सदोष मालाचे पैसे बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत परत द्यायचे. ग्राहकाने 1915 या हेल्पलाइनला फोन केला तर "पेजवर लिहिलं होतं" हे माझं उत्तर किती टिकलं असतं, तुम्हीच सांगा. फिल्टर लावलेला फोटो म्हणजे दाखवलं एक आणि दिलं दुसरं.

"घरी आवडली नाही", "मन बदललं" ही गोष्ट वेगळी. तिथे तुम्ही आधी जे लिहून ठेवलं असेल ते चालतं, म्हणून ते साध्या मराठीत लिहा. माझ्याकडे असं आहे : 'साडी मिळाल्यापासून 3 दिवसांत कळवा. घडी मोडलेली, फॉल-पिको केलेली किंवा ब्लाउज पीस कापलेली साडी परत घेतली जाणार नाही. परतीचं कुरिअर ग्राहकाकडे.' हे ऑर्डर घेतानाच पाठवते. भांडण झाल्यावर दाखवलेला नियम कुणालाच पटत नाही.

आणि हो, फसवणारेही भेटतात. परत आलेल्या साडीला अत्तराचा वास आणि पदराला सेफ्टी पिनची भोकं मी स्वतः पाहिली आहेत. त्यामुळे पॅकिंग करताना पार्सल, वजन आणि पत्त्याचं लेबल एकाच व्हिडिओत घेते, आणि परत आलेलं पार्सलही कॅमेऱ्यासमोरच उघडते. दुसरा प्रकार जास्त वाईट. "ताई, चुकून 5,000 जास्त गेले, परत पाठवा" म्हणत स्क्रीनशॉट येतो. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये एंट्री दिसेपर्यंत एक रुपयाही पाठवायचा नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला जातोय म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून चाललेत.

रिफंड ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने करा. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर ऑर्डर ज्या नंबरवरून आली त्याच नंबरवरून यूपीआय आयडी मागवा, आणि पाठवायच्या आधी दिसणारं नाव जुळतंय का बघा. जीएसटी नोंदणी असेल तर क्रेडिट नोट करा, नाहीतर परत आलेल्या मालावरही कर भरत बसाल.

माझा पहिला मेसेज आता ठरलेला आहे : 'काकू, मेसेज मिळाला. गैरसोयीबद्दल माफ करा. उजेडात काढलेला एक फोटो पाठवा, उद्या दुपारी 12 पर्यंत काय ते नक्की सांगते.' आणि पैसे पाठवल्यावर रक्कम, तारीख आणि बँकेचा यूटीआर नंबर. नुसतं "केलाय रिफंड" लिहिलंत तर चार दिवस "अजून आले नाहीत" चालू राहतं. नंबर दिला की त्या त्यांच्या बँकेत विचारू शकतात.

बाकी, प्रत्येक रिफंडचं कारण वहीत एका ओळीत लिहा. एकाच साडीपुढे दोनदा 'रंग' आलं की मी ती पेजवरून काढते आणि सकाळी अंगणात नेऊन नवा फोटो घेते. फिल्टरशिवाय.