स्थिरचित्रातील प्रतीकार्थ आणि भाववृत्ती : पीटर क्लास यांच्या एका चित्राच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाराष्ट्रात इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेमुळे 'स्थिरचित्र' हा शब्द शालेय स्तरापासून परिचित आहे. तेथे आकार, प्रमाण व छायाप्रकाश यांची अचूकता पाहिली जाते. परिणामी स्थिरचित्र म्हणजे केवळ हुबेहूब वस्तुदर्शन, असा समज रूढ होतो. प्रस्तुत लेखात डच चित्रकार पीटर क्लास यांच्या १६२८ मधील चित्राच्या आधारे या समजाची मर्यादा स्पष्ट केली आहे.

प्रतीकार्थ :
न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील हे चित्र जेमतेम २४ × ३६ सें.मी. आकाराचे आहे. त्यात दात पडलेली कवटी, कलंडलेला काचेचा पेला, विझत आलेली दिव्याची वात, पिसाची लेखणी व ग्रंथ आहेत. ही 'व्हॅनिटास' परंपरा होय. या लॅटिन शब्दाचा अर्थ निःसारता असा असून तिचे मूळ बायबलमधील 'उपदेशक' या ग्रंथात आहे. पेला उपभोगाचा, वात आयुष्याचा शेवट सुचविते. लेखणी व ग्रंथ यांमुळे विद्याव्यासंगही नश्वरतेतून सुटत नाही, हे सूचित होते.

भाववृत्ती :
प्रतीके परंपरेने दिलेली असतात. भाववृत्ती मात्र चित्रणातून निर्माण होते. याच वस्तू भडक तांबड्या-पिवळ्या रंगांत रंगविल्या असत्या, तर प्रतीकार्थ कायम राहूनही चित्राचा भाव पालटला असता. क्लास यांनी करड्या व तपकिरी छटांपुरतेच रंग मर्यादित ठेवले. त्यामुळे चित्रात भीतीऐवजी गंभीर शांतता जाणवते. मात्र काचेवरील क्षणभंगुर प्रतिबिंबे त्यांनी अत्यंत मनःपूर्वक टिपली आहेत. जगाची निःसारता सांगणारे हे चित्र जगाच्या रूपावर लुब्धही आहे. हा ताण केवळ प्रतीकांची यादी करून हाती लागत नाही.

अर्थनिर्णयाची मर्यादा :
प्रत्येक दिवा मृत्यूसूचक नसतो. मराठी घरात तो मांगल्याचे चिन्ह असून, 'दिवा विझला' असे न म्हणता 'दिवा शांत झाला' असे म्हटले जाते. म्हणून मालवत्या वातीचा भाव मराठी विद्यार्थ्याला सहज जाणवेल. व्हॅनिटासचा संदर्भ मात्र त्याला शिकवावा लागेल. वस्तूचा अर्थ तिच्या परंपरेवर आणि चित्रातील सोबतच्या वस्तूंवर अवलंबून असतो.

निष्कर्ष :
अध्यापनात प्रथम निरीक्षण, नंतर सांस्कृतिक संदर्भ आणि शेवटी पुनर्निरीक्षण हा क्रम उपयुक्त ठरतो. संदर्भ आधी सांगितल्यास विद्यार्थी चित्राऐवजी त्याचा कोशच वाचतो.