तीन मिनिटांची तबकडी आणि रात्रभराचं नाटक: कोकणातल्या माळ्यावर काय सापडू शकतं?

मे महिन्याची सुट्टी. मुंबईहून आलेली मंडळी रत्नागिरीजवळच्या जुन्या घराचा माळा साफ करायला घेतात. तांब्याचं घंगाळ, मोडका पाळणा, वाळवी लागलेल्या पोथ्या निघतात. त्याखाली असते काळ्या, जड थाळ्यांची एक चळत. कागदी पाकिटांना बुरशी आलेली. लेबलवर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा. आणि एखाद्या लेबलवर नाव असतं बालगंधर्वांचं, नाहीतर मास्टर दीनानाथांचं.

पुढे काय होतं? बहुतेक वेळा भंगारवाला येतो. फार तर त्याआधी इन्स्टाग्रामवर एक फोटो पडतो.

पण त्या चळतीत अशी एखादी तबकडी असू शकते, जिची दुसरी प्रत आज सापडणं मुश्कील आहे. आणि त्याच घरात खाली पडवीत बसलेल्या आजींकडे असं काही असू शकतं, जे कुठल्याच तबकडीवर नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र का जपायला हव्यात, ते समजून घेऊया.

ही तबकडी नेमकी असते कशाची?

आपण ज्याला सरसकट 'रेकॉर्ड' म्हणतो, त्यात दोन वेगळे प्रकार आहेत. नंतरच्या काळातल्या एलपी आणि ईपी या प्लॅस्टिकच्या, जरा वाकणाऱ्या. त्याआधीच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मात्र लाखेच्या. आरपीएम म्हणजे मिनिटाला होणारे फेरे. पळस, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून लाख मिळते. त्या लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळून या थाळ्या बनवत. म्हणून त्या जड असतात आणि हातातून पडल्या तर पापडासारख्या तुटतात.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. भारतात या तबकड्या १९७० च्या सुमारास बंद झाल्या. म्हणजे माळ्यावरची सगळ्यात 'नवी' लाखेची तबकडीसुद्धा आज पन्नाशी ओलांडलेली आहे.

एक आवाज थोडक्यात हुकला

भारतात ग्रामोफोन कंपनीचं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण झालं नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ त्यासाठी आला होता. गौहरजान यांनी तेव्हा गायलेल्या तबकड्या प्रसिद्ध आहेत. गाणं संपल्यावर त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगतात. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना गाणारं कोण आहे हे कळायला हवं ना! कलकत्त्यातच तबकड्या छापायचा कारखाना सुरू झाला तो १९०८ मध्ये.

आता मराठी रंगभूमीकडे या. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' आलं १८८० मध्ये, 'सौभद्र' १८८२ मध्ये. त्या काळात ज्यांच्या गाण्याने महाराष्ट्र वेडा झाला, ते भाऊराव कोल्हटकर. 'सौभद्र'मधली त्यांची सुभद्रा बघायला लोक लांबून लांबून यायचे. भाऊराव गेले १९०१ साली. गैसबर्ग आला १९०२ मध्ये.

मधे जेमतेम दीड-दोन वर्षं. तेवढ्यासाठी भाऊरावांचा आवाज कसा होता हे आज कुणालाच ऐकता येत नाही. उरलंय ते फक्त लोकांनी लिहून ठेवलेलं वर्णन.

रात्र तीन मिनिटांत कशी बसवायची?

ज्यांचा आवाज मिळाला, त्यांचं तरी सगळं मिळालं का? नाही.

बालगंधर्वांच्या काळात संगीत नाटक रात्री नऊ-दहाला सुरू व्हायचं आणि पहाटेपर्यंत चालायचं. एक पद संपलं की 'वन्समोअर'. पुन्हा तेच पद, पण नव्या जागा घेत, नव्या ताना घेत. तीन मिनिटांचं पद पाव तास, अर्धा तास रंगायचं. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे दिग्गज होते. तबकडीच्या लेबलवर मात्र साथीदारांची नावं सहसा नसायचीच.

त्यात सुरुवातीला मायक्रोफोनही नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं. त्या आवाजाच्या कंपनांनी सुई हलायची आणि मेणाच्या थाळीवर चर उमटायचा. नाजूक जागा, तंबोऱ्याची आस या गोष्टी त्यात पुसटच यायच्या. विजेवर चालणारं मायक्रोफोनचं ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आलं, तेव्हा कुठे आवाज मोकळा झाला.

म्हणजे आपल्याकडे असलेली तबकडी हा त्या रात्रीचा सारांश आहे. तोही घाईत सांगितलेला.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे ८ जुलै १९२१. मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानले जाणारे दोन नट एका मंचावर आले. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्रीबद्दल मराठी माणूस शंभर वर्षं बोलतोय. पण त्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण नाही, कारण तेव्हा नाट्यगृहात बसून अख्खं नाटक मुद्रित करायचं तंत्रच नव्हतं. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारले. ती रात्र टिकली ती फक्त बघणाऱ्यांच्या आठवणीत आणि त्यांनी लिहून ठेवलेल्या मजकुरात.

यात रत्नागिरी कुठे येते?

रत्नागिरी आणि संगीत नाटक यांचं नातं जुनं आहे. 'सत्तेचे गुलाम' लिहिणारे मामा वरेरकर या जिल्ह्यातल्या चिपळूणचे. वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. इथेच त्यांनी 'संन्यस्त खड्ग' लिहिलं आणि १९३१ साली मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने ते रंगमंचावर आणलं. नाटककाराला जिल्ह्याची हद्द ओलांडायला बंदी, पण त्याची पदं तबकड्यांवर बसून कुठेही जाऊ शकत होती! दीनानाथ १९४२ मध्ये गेले, तेव्हा ते अवघे एक्केचाळीस वर्षांचे होते. त्यांचा आवाज आज आपण ऐकतो तो या लाखेच्या तबकड्यांमुळेच.

तबकड्या कोकणात पोचल्या कशा, हे समजायला मुंबई आठवावी लागते. घरटी एक माणूस मुंबईला नोकरीला. रस्ते धड नव्हते तेव्हा तो बोटीने गावी यायचा. ज्याला परवडायचं तो चावीचा फोनो आणि चार-सहा तबकड्या घेऊन यायचा. मग त्या घराच्या अंगणात अख्खी वाडी जमायची. ज्यांनी आयुष्यात कधी नाट्यगृह पाहिलं नाही, त्यांनी बालगंधर्व ऐकले ते असे.

आणि हा इतिहास इथे संपलेला नाही. रत्नागिरीतली 'खल्वायन' ही संस्था आजही संगीत नाटकं बसवते आणि राज्य नाट्यस्पर्धेत उतरवते. आर्ट सर्कलच्या महोत्सवात थिबा राजवाड्याच्या आवारात दरवर्षी गाण्याच्या मैफली होतात. म्हणजे कान शाबूत आहेत. धोक्यात आहेत त्या तबकड्या.

हे वेड फक्त आपल्याकडेच आहे का?

अजिबात नाही. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या गिरणी-कारखान्यांच्या गावांत १९७० च्या दशकात एक भन्नाट प्रकार चालायचा. त्याचं नाव 'नॉर्दर्न सोल'. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांची, तिकडे अजिबात न चाललेली गाणी शोधून आणायची आणि त्यावर रात्रभर नाचायचं. विगन गावातला 'विगन कॅसिनो' हा त्याचा अड्डा. तो १९७३ ते १९८१ चालला. मध्यरात्रीनंतर दार उघडायचं आणि सकाळी आठला पोरं बाहेर पडायची.

गाणं जितकं दुर्मीळ, तितकी ते वाजवणाऱ्याची किंमत जास्त. दुसऱ्याने शोधून काढू नये म्हणून डीजे लोक तबकडीचं लेबल झाकून वर खोटं नाव लिहायचे. फ्रँक विल्सन या गायकाची १९६५ ची एक तबकडी बाजारात येण्याआधीच कंपनीने रद्द केली. तिच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती वाचल्या. त्यातली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेली.

माळ्यावरच्या तबकडीला असे पैसे मिळतील, या आशेवर राहू नका. जुन्या हिंदी-मराठी तबकड्यांपैकी बऱ्याचशा हजारोंनी छापल्या गेल्या होत्या. मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात त्या अजूनही मिळतात. पण विगनकडून शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तिथल्या लोकांनी तबकडीबरोबर रात्रीही जपल्या. कोण कुठून यायचं, कुठल्या गाण्याला जमीन हादरायची, शेवटी कुठली तीन गाणी लागायची, हे सगळं त्यांनी सांगून, लिहून, मुद्रित करून ठेवलंय. आपल्याकडे तबकड्या जमवणारे आहेत, पण रात्री जमवणारे कमी आहेत.

कोकणात तबकड्या लवकर का खराब होतात?

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चार महिने हवा ओली. कागदी पाकीट पाणी धरून ठेवतं आणि बुरशी आधी पाकिटाला, मग तबकडीला लागते. चरांमध्ये बुरशी बसली की गाण्यावर तळणीसारखा चरचराट येतो.

यावर कोकणातला ठरलेला उपाय म्हणजे ऊन दाखवणं. पावसाळा संपला की गाद्या, पुस्तकं, लोणच्याच्या बरण्या सगळं अंगणात. तबकडीच्या बाबतीत हा उपाय घातक आहे. लाख उन्हात मऊ होते आणि तबकडी वाकडी होते. मग सुई वर-खाली उड्या मारते.

तबकडी सापडली तर काय करायचं?

- आडव्या चळतीतून एकेक सावकाश काढा आणि पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आडव्या चळतीत वरच्या वजनाने खालच्या तडकतात.
- स्पिरिट, सॅनिटायझर, अल्कोहोल असलेलं काहीही लावू नका. लाख त्यात विरघळते. मऊ, किंचित ओलसर कापडाने चरांच्या दिशेने पुसा. लेबल कोरडंच राहू द्या.
- एलपीच्या प्लेअरवर तशीच लावू नका. लाखेच्या तबकडीचा चर खूप रुंद असतो, त्याला वेगळी सुई लागते. आणि जुन्या फोनोवर गंजकी पिन लावलीत तर ती चर खरवडून काढेल. पोलादी पिन एक बाजू वाजली की बदलायची असते.
- लेबलचा दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो काढा. गायकाचं नाव, कंपनी आणि मुख्य म्हणजे क्रमांक दिसला पाहिजे. लेबलजवळच्या गुळगुळीत भागावर कोरलेले आकडे असतात, तेही टिपा. ध्वनिमुद्रण कधीचं, याचा माग जाणकार त्यावरूनच काढतात.
- तुटलेली तबकडीही फेकू नका. तुकडे एकत्र ठेवा. निदान लेबलची नोंद होईल.

मग विचारायचं कुणाला? सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० मध्ये मुंबईत सुरू झाली. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या संग्राहकांनी तिचं काम वाढवलं. त्यांच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकात जुन्या तबकड्यांच्या याद्या आणि गायकांची माहिती आहे, आणि ते अंक इंटरनेटवर वाचता येतात. आपल्याकडची तबकडी आधीच कुणी नोंदवली आहे का, ते तिथून शोधायला सुरुवात करता येते.

गाणं यूट्यूबवर टाकायचं असेल तर एक लक्षात ठेवा. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. पण गीतकार आणि संगीतकाराचा हक्क वेगळा असतो आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. दोन्ही तपासा, मग अपलोड करा.

आणि आजींकडचं?

साधा हिशोब करा. १९४५ च्या सुमारास दहाव्या वर्षी ज्यांनी वडिलांच्या मांडीवर पेंगत रात्रभर नाटक पाहिलं, ते आज नव्वदीत आहेत. 'मत्स्यगंधा' किंवा 'कट्यार काळजात घुसली' नवीन असताना ज्यांनी पाहिलं, त्यांनीही सत्तरी-ऐंशी गाठलीय. तबकडीला बुरशी लागली तरी ती पुसता येते. माणसाच्या बाबतीत तशी सोय नाही.

यासाठी स्टुडिओ लागत नाही. मोबाइल पुरे. नाटक कुठे झालं, चालत गेलात की बैलगाडीने, बायका कुठे बसायच्या, कुणाच्या पदाला किती वन्समोअर मिळाले, फोनो कुणाच्या घरी होता, चावी फिरवायचा मान कुणाला मिळायचा, हे विचारा. शक्य असेल तर आधी तीच तबकडी ऐकवा. गाणं कानावर पडलं की विसरलेलं आपोआप वर येतं. कुणी मधेच म्हणेल, "इथे नाही थांबायचे ते, इथून पुढे अजून गायचे." मग "कसं?" असं विचारा आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा. कारण तबकडी जिथे तीन मिनिटांनी संपली, त्याच्या पुढचं गाणं तेच असतं.