बाल्कनीतलं सुतारकाम : छोट्या लाकडी पेटीसाठी घरची तयारी

बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो : "घरी छोट्या लाकडी पेट्या करायच्या आहेत, कोणतं मशीन घेऊ?" मशीनचं सध्या बाजूला ठेवा. माझी सगळ्यात मोलाची पेटी बिघडली, ती मशीन नव्हतं म्हणून नाही.

मी बडोद्यात राहतो. ४ फूट बाय ८ फुटांची बाल्कनी हेच माझं वर्कशॉप. मुलीच्या लग्नासाठी मी मे महिन्यात सागवानाची पेटी केली, मंगळसूत्र ठेवायला. झाकण चार भिंतींच्या आत इतकं घट्ट बसवलं की दाबलं की आतली हवा हळूच बाहेर यायची. सगळ्यांनी कौतुक केलं. पेटी मुलीबरोबर मुंबईला गेली. श्रावणात, मंगळागौरीच्या सकाळी तिचा फोन आला, "बाबा, पेटी उघडतच नाहीये." शेवटी जावयांनी स्क्रूड्रायव्हर घालून झाकण उचकटलं आणि कोपऱ्याचा सांधा फाटला.

चूक माझी होती. लाकूड तोडलं तरी हवेतला ओलावा घेत राहतं आणि सोडत राहतं. त्याने फळीची लांबी जवळजवळ बदलत नाही, पण रुंदी बदलते. बडोद्याचा कोरडा मे आणि मुंबईचा श्रावण, एवढ्या फरकात १५० मिमी रुंदीची फळी १ मिमीने सहज फुगते. मी फट ठेवली होती शून्य!

म्हणून तयारीची सुरुवात लाकडापासून करा. आणलेली फळी लगेच कापू नका. खाली-वर पट्ट्या देऊन, चहूबाजूंनी हवा लागेल अशी घरात ठेवा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन करून फळीवरच पेन्सिलीने लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या घरच्या हवेला सरावलं. जुन्या दारा-खिडक्यांचं सागवान मिळालं तर उत्तम, ते मुरलेलं असतं. फक्त आधी लोहचुंबक फिरवून घ्या. आत राहिलेला एक खिळा रंध्याचं पातं खराब करतो.

आता जागा. टेबल मोठं नको, पण हललं नाही पाहिजे. माझं २ फूट बाय ३ फुटांचं आहे आणि भिंतीला बोल्टने पक्कं केलेलं आहे. उंची कशी ठरवायची? सरळ उभे राहा, हात खाली सोडा. मूठ जिथे येते तिथे टेबलाचा वरचा भाग आला, तर रंधा मारताना अंगाचं वजन कामी येतं आणि कंबर दुखत नाही. पायांखाली रबरी तुकडे ठेवा. ठोकल्याचा आवाज खालच्या मजल्यावर जातो आणि शेजारी नाराज झाले तर छंद तिथेच संपतो.

टेबलावर एक छोटा शेगडा बसवा. दुसरी वस्तू घरीच करा. फूटभर लांबीची पाटी घ्या, एका टोकाला वरून आणि दुसऱ्या टोकाला खालून एकेक पट्टी लावा. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवून कापायचं. लाकूड घट्ट धरलेलं असेल तर साध्या करवतीनेही काप सरळ येतो.

हत्यारं मोजकीच : बारीक दातांची करवत, छोटा रंधा, ६ आणि १८ मिमीच्या दोन पटाश्या, गुण्या, स्टीलची पट्टी, धारदार चाकू, हातड्रिल, चार क्लॅम्प आणि धारेचा दगड. दगड विसरू नका. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती निसटून हातात घुसते. पटाशीची धार साधारण ३० अंशांवर लावा. कागदाची कड अलगद कापली गेली की पुरे.

खुणा पेन्सिलीने न करता चाकूने करा. पेन्सिलीच्या रेषेला जाडी असते, चाकूच्या रेषेला जवळजवळ नसते. करवत नेहमी टाकाऊ भागाच्या बाजूने चालवा आणि उरलेलं रंध्याने रेषेपर्यंत आणा. समोरासमोरच्या दोन बाजू एकत्र धरून रंधल्या तर लांबी हमखास सारखी येते.

फळीच्या टोकाला नुसता फेविकॉल फार ताकद धरत नाही. म्हणून सांधा वाळल्यावर प्रत्येक कोपऱ्यात ३ मिमीची दोन-तीन भोकं पाडून बांबूच्या काड्या गोंद लावून ठोका. क्लॅम्प आवळताना दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तर पेटी काटकोनात आहे. तळ प्लायवूडचा ठेवा, ते फारसं फुगत नाही.

आणि सावधगिरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालच्या अहवालात लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींमध्ये धरली आहे. रंध्याच्या सालपटांचं एवढं भय नाही, पॉलिश पेपरची बारीक भुकटी वाईट. एन-९५ मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. जवसाच्या तेलाने पॉलिश केलंत, तर तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून बाहेर वाळवा, मगच कचऱ्यात टाका.

मुलीची पेटी परत आली तेव्हा ती म्हणाली, "नवी नको, हीच नीट करा." मी कोपरा जोडून बांबूच्या काड्या मारल्या आणि झाकणाला रेषांच्या आडव्या दिशेने दोन्ही कडांना १ मिमी फट ठेवली. सांध्याची चीर अजून दिसते. पुढच्या श्रावणात मी स्वतःच फोन केला. ती म्हणाली, "एका बोटाने उघडते, बाबा."

तुमच्या पहिल्या पेटीत ती फट आधीच ठेवा. पुढच्या भागात धार लावायला बसू.