अखेरच्या वर्षाचें काम

दिवाळी आटोपली कीं बीड जिल्ह्यांतील कित्येक गांवें निम्मीं रिकामीं होतात. ऊसतोडीस निघालेलीं कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राची व कर्नाटकाची वाट धरतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ फेडतां फेडतां त्यांचा हंगाम सरतो. ह्याच सुमारास महाविद्यालयांतून दुसरें सत्र सुरू होतें, आणि पत्रकारितेचा पदवीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थी आपल्या अखेरच्या प्रकल्पासाठीं विषय शोधूं लागतो. ज्यांच्याविषयीं लिहावयाचें तीं माणसें तर जिल्ह्यांत नाहींत! मग पुष्कळदां जुनीं कात्रणें जोडून एक बांधीव ग्रंथ सिद्ध होतो. त्यास गुण मिळतात. पुढें तो कोणी उघडीत नाहीं, नोकरी देणारा संपादक तर नाहींच नाहीं.

अखेरच्या वर्षाच्या ह्या कामास परदेशांत ‘कॅपस्टोन’, म्हणजे भिंतीच्या माथ्यावर बसवावयाचा दगड, असें म्हणतात. अमेरिकेंतील मिसुरी विश्वविद्यालयाचें वृत्तपत्र-विद्यालय १४ सप्टेंबर १९०८ रोजीं उघडलें, व त्याच दिवशीं विद्यार्थ्यांच्या दैनिकाचा पहिला अंक निघाला. तें पत्र गांवासाठीं होतें. त्यामुळें त्यांतील चूक अध्यापकांइतकीच गांवकऱ्यांच्याहि दृष्टीस पडे. अशा कामाचें सारें मर्म ह्यांत आहे.

बीडमध्यें असें काम आंखावयाचें तर विषय दूर शोधावयास नको. २०१९ सालीं ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. राज्य सरकारनें नेमलेल्या समितीच्या पाहणींत ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचें आढळलें. म्हणजे सुमारें सहांमागें एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हें प्रमाण शेंकडा ३.२ होतें. दोन्ही आंकडे शेजारीं मांडून मथळा देणें सोपें. परंतु दोन्हींकडील स्त्रियांचीं वयें सारखीं होतीं काय? शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत झाल्या कीं खाजगी? सल्ला देणाऱ्यानें कारण काय सांगितलें? हें विचारावयास त्या स्त्रियांच्या दाराशींच जावें लागतें. आणि तेथें गेल्यावर नांव छापावें कीं नाहीं, नवऱ्यादेखत विचारावें कीं एकांतीं, मिळालेली संमति खरी कीं कोणाच्या धाकाची, हे प्रश्न उभे राहतात. त्यांचा उलगडा कोणत्याहि व्याख्यानानें होत नाहीं.

म्हणून ह्या कामाचें वेळापत्रक उसाच्या हंगामावरून ठरवावें. श्रावण-भाद्रपदांत, माणसें घरीं असतांना, ओळखी व्हाव्या; माघांत फडावर व कोप्यांवर जावें; कोयते परतल्यावर चैत्र-वैशाखांत लिहिलेला मजकूर ज्याचा त्यास वाचून दाखवावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें चार वर्षांच्या पदवीस व प्रत्यक्ष कार्यानुभवास वाव दिला आहे. तेव्हां सवड नाहीं ही सबब आतां फारशी टिकणारी नाहीं.

पालक विचारतील, ह्यानें पोट कसें भरेल? प्रश्न रास्तच आहे. तालुक्याच्या वार्ताहरास बहुधा ठराविक पगार नसतो. जाहिरातींवरील दलालीवर त्याची भिस्त असते. ज्या कारखान्याविषयीं लिहावयाचें त्याचीच शुभेच्छांची जाहिरात आणावयाची, हा पेंच त्याच्या वांट्यास पहिल्याच वर्षीं येतो. तो विद्यार्थिदशेंतच, जाणत्या वार्ताहरासमवेत, खर्चाचा व मिळकतीचा हिशेब मांडून चर्चिला जावा. शिवाय आज एकाच माणसास सर्व कामें करावीं लागतात. तेव्हां एकच शोध वृत्तपत्रासाठीं लेखरूपानें, बीडच्या आकाशवाणी केंद्राजोगत्या दहा मिनिटांच्या भाषणरूपानें, आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहण्याजोग्या चित्रफितीच्या रूपानें, असा तिन्ही प्रकारीं सिद्ध करवून घ्यावा.

परीक्षकांत एक तरी चालू पत्राचा उपसंपादक असावा. मजकूर प्रसिद्ध झाल्यावर महिन्याभरांत आलेल्या तक्रारी व विद्यार्थ्यानें जाहीरपणें केलेल्या दुरुस्त्या हा प्रकल्पाचा शेवटचा भाग धरावा, आणि त्यास निदान चौथाई गुण ठेवावे.