नाडी चढली की बंदूक बंद

मुलाला ‘शांत हो’ म्हटल्याने ते शांत होत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन बालरुग्णालयातल्या मंडळींनी म्हणून उपदेशाऐवजी व्हिडिओ गेम आणला. ‘रेज कंट्रोल’ त्याचं नाव. खेळ साधा: अंतराळात येणारी शत्रूची यानं पाडायची. मात्र मुलाच्या हृदयाचे ठोके सतत मोजले जातात. ते ठरावीक मर्यादेपुढे गेले की गोळीच सुटत नाही! समोर शत्रू, हातात निकामी बंदूक. मग लांब श्वास घेऊन ठोके खाली आणण्यावाचून गत्यंतर नाही.

याच कामातून पुढे ‘मायटियर’ हा घरी वापरायचा संच निघाला. वयोगट साधारण ६ ते १४. हाताला ठोके मोजणारा पट्टा, समोर टॅबलेट. राग डोक्यात गेल्यावर शांत होण्याची कुठलीच युक्ती आठवत नाही. इथे ती थोड्याशा चिडचिडीत, पुन्हा पुन्हा घोटून घेतली जाते. हीच यातली खरी हुशारी.

पण पट्ट्याला ठोके कळतात, राग कळत नाही. मैदानातून धावत आलेलं किंवा जिंकल्याच्या आनंदात उड्या मारणारं मूलही त्याला सारखंच. ‘आत्ता काय झालं रे?’ हे विचारायला शेजारी मोठं माणूस लागतंच. आणि खेळ संपल्यावर टॅबलेट काढून घेताना जो थयथयाट होतो, त्यावर पट्ट्याकडे उपाय नाही.