फिफ्टी की फिफ्टीन? इंग्रजीत जोर चुकला की ऑर्डर चुकते

आजचा विषय इंग्रजीचा आहे, पण मला तो शिकवला धंद्यानेच.

पौडला माझं दुकान आहे. दोन दिवाळ्यांपूर्वी हिंजवडीच्या एका ऑफिसमधून मॅडमचा फोन आला. गिफ्टसाठी आपला आंबेमोहोर हवा होता, एक-एक किलोचा. त्या म्हणाल्या "फिफ्टीन पॅकेट्स", मी ऐकलं "फिफ्टी पॅकेट्स". त्यांच्या कंपनीचं नाव टाकून ५० बॉक्स छापले. त्यांनी घेतले १५. तांदूळ काय, दुकानात खपला हो, पण ३५ बॉक्स सरळ रद्दीत.

तेव्हा मला वाटलं, मॅडमच चुकल्या. तसं नव्हतं.

मराठीत जोर बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. "दुकान"मध्ये "दु"वर जोर द्या नाहीतर "कान"वर, दुकान ते दुकानच. आपला कान ऱ्हस्व-दीर्घ पकडतो: दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. इंग्रजीत शब्दाचा एक तुकडा ठळक, जरा लांब बोलतात आणि बाकीचे दाबतात. त्यावरून समोरचा शब्द ओळखतो.

फिफ्टीमध्ये जोर "फिफ"वर. फिफ्टीन एकटा असेल तर जोर "टीन"वर. पण लगेच पुढे "पॅकेट्स"सारखा, सुरुवातीलाच जोर असलेला शब्द आला, तर फिफ्टीनचा जोरही मागे "फिफ"वर सरकतो. म्हणजे फरक उरला फक्त लांब "टी" आणि शेवटच्या "न"चा, आणि फोनवर तो "न" कुठल्या कुठे जातो! थर्टीन-थर्टीपासून नाइन्टीन-नाइन्टीपर्यंत हाच घोळ.

म्हणून मी आता आकडा सुटा करून विचारतो: "वन फाइव्ह, फिफ्टीन, राइट?" आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आकड्यात लिहून घेतो. त्याशिवाय छपाईला हात लावत नाही.

काही शब्दांत जोर पुढे-मागे झाला की अर्थच बदलतो. "प्रोड्यूस"च्या सुरुवातीला जोर दिला तर शेतमाल, शेवटी दिला तर उत्पादन करणं. "काँटेंट"मध्ये सुरुवातीला जोर म्हणजे व्हिडिओतला मजकूर, शेवटी म्हणजे समाधानी. "रिफ्यूज" म्हणजे नकार देणं, पण "रेफ्यूज" म्हणजे कचरा. रेकॉर्ड, रिफंड, परमिट यांत वस्तू असेल तर जोर आधी, क्रिया असेल तर नंतर. सगळ्यांना हा नियम लावू नका मात्र. ऑर्डर, रिपोर्ट, डिले यांचा जोर हलत नाही.

हे वाचून बोलायला घाबरू नका. आपल्याकडचे बहुतेक गिऱ्हाईक संदर्भावरून समजून घेतात, आणि "रेकॉर्ड" चुकलं म्हणून कुणाची ऑर्डर जात नाही. आकड्यांचं मात्र तसं नाही, तिथे पैसे जातात. शंका आली तर डिक्शनरी उघडा. शब्दाच्या उच्चारात वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ दिसेल. जोर त्या रेघेच्या लगेच पुढच्या तुकड्यावर.