वेटरच्या वाट्याचा राग

हॉटेलात गिऱ्हाइकाला दिसतो तो एकटा वेटर. भाजी तिखट होते भट्टीवर, दर ठरवतो मालक, कर लावतं सरकार आणि गाडी वीसच मिनिटं थांबणार हे ठरवतो ड्रायव्हर. यांच्यापैकी कोणीच टेबलापाशी येत नाही. सगळ्यांच्या नावचं बोलणं ऐकून घेतो तो ताट आणणारा माणूस. बारा-बारा तास उभं राहून पाय भरून येतात ते वेगळंच, पण या कामातला खरा जाच आहे तो असा, न केलेल्या गोष्टींचा जाब देण्याचा.

महामार्गावर तो जास्त जाणवतो. वर्धा जिल्ह्यातलं कारंजा (घाडगे) हे तालुक्याचं गाव नागपूर-अमरावती रस्त्यावर जवळजवळ निम्म्या वाटेवर आहे. (कंसातलं नाव वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडशी गल्लत होऊ नये म्हणून.) जुना राष्ट्रीय महामार्ग 6, म्हणजे आताचा 53, इथूनच जातो. नागपूरहून निघालेल्याला इथवर येता येता चहाची तल्लफ येते किंवा भूक लागते. गावातलं गिऱ्हाईक उद्या पुन्हा यायचं असतं, त्यामुळे तेही जरा तोंड सांभाळून बोलतं आणि वेटरलाही त्याची आवड पाठ असते. रस्त्यावरच्या माणसाला मात्र पुन्हा भेटायचं नसतं, शिवाय घाई असते.

ट्रॅव्हल्सची गाडी थांबली की चाळीसेक माणसं एकदम उतरतात. टेबलं पुसायला, पाणी ठेवायला, ऑर्डर घ्यायला आणि ताटं उचलायला माणसं तीन किंवा चार. नंतर बसलेल्याचा चहा आधी गेला की भांडण ठरलेलं. हाक मारण्याची तऱ्हाही एकेक. कोणी ‘भाऊ’ म्हणतो, कोणी चुटकी वाजवतो, कोणी ‘ए पोट्ट्या’ म्हणून मोकळा होतो, मग समोरचा माणूस चाळिशीचा का असेना. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेल-ढाब्यांत कामाला ठेवण्यावर 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आली, पण हाक मारायची जुनी सवय काही सुटलेली नाही.

तिखटाचा वाद हा विदर्भाचा खास. पुण्या-मुंबईकडचा प्रवासी ‘मीडियम तिखट’ सांगतो. पातेल्यातला रस्सा सकाळीच झालेला असतो, त्यात मीडियम काही नसतं. वेटर मान डोलावतो, कारण नाही म्हटलं तर गिऱ्हाईक उठून शेजारच्या ढाब्यावर जाईल. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येतं आणि वाटी परत जाते. भट्टीवरचा कारागीर विचारतो, ‘मंग हो कायले म्हटलं?’ इकडून गिऱ्हाईक, तिकडून कारागीर, आणि मधे वाटी हातात घेऊन उभा वेटर.

ही कोंडी जगभरची आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम फूट व्हाइट यांनी 1940च्या दशकात शिकागोतल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1948 साली आलं. वेट्रेसने आपल्याला काम सांगावं हे स्वयंपाक्यांना खपत नव्हतं आणि त्यातून खटके उडत. ऑर्डरच्या चिठ्ठ्या खिळ्यासारख्या सळईला टोचून ठेवायची पद्धत जिथे होती तिथे हे कमी व्हायचं. माणसाऐवजी चिठ्ठी सांगू लागली की मान दुखावत नाही. आपल्याकडच्या मोठ्या हॉटेलांतली केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, तेच करते. ढाब्यावर अजून ‘दोन शेवभाजी, चार रोटी’ असं ओरडूनच चालतं.

दरांवरून होणारी भांडणं वेगळी. त्यात बाटलीबंद पाणी पहिलं. छापील किमतीपेक्षा दोन रुपयेही जास्त घेता येत नाहीत, अशी बहुतेकांची खात्री असते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र डिसेंबर 2017 मध्ये सांगितलं, की हॉटेल-रेस्टॉरंटात बसवून पाणी देताना ते जागा आणि सेवाही पुरवतात, तिथे छापील किमतीचं बंधन लागू होत नाही. निकाल मान्य असो वा नसो, तो वेटरशी वाद घालून बदलणार नाही. नाश्त्याच्या हॉटेलांनी यावर साधा उपाय काढला आहे: दर भिंतीवर, पैसे आधी गल्ल्यावर, कुपन दिल्यावर पोहे. त्यामुळे पैशांचं बोलणं वेटरपर्यंत पोचतच नाही.

कायद्याचं संरक्षण कागदावर बरंच आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात दिवसाला नऊ तास काम, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी आणि जादा वेळेला दुप्पट मजुरी अशा तरतुदी आल्या. पण त्या होत्या दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. चार-पाच माणसांवर चालणारा ढाबा त्या कक्षेत येतच नाही. त्याच्याकडचा नाराज वेटर तक्रार करत बसत नाही, पुढच्या ढाब्यावर कामाला लागतो.

उरते टीप. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी सेवाशुल्क सक्तीने घेता येणार नाही हे कायम केलं. ढाब्यावर ते कधी नव्हतंच. तिथे बडीशेपेच्या ताटलीत उरलेले दहा-वीस रुपये ठेवले जात. आता लोक गल्ल्यावरचा कोड स्कॅन करून बिलाएवढेच पैसे भरतात. सुटे परत यायचे थांबले आणि ताटलीत नुसती बडीशेप राहू लागली. काही वेटर आता आपला मोबाइलच पुढे करतात; काही मालकांना ते चालतं, काहींना नाही.